सतरा नंबरची भेसळ

लोकांना वाटतं, दगडांच्या डिपार्टमेंटात कसले आलेत किस्से? दगड बोलत नाहीत, पळत नाहीत, संपावर जात नाहीत. पण मी नांदेडच्या त्या लॅबमध्ये पीएचडीची साडेपाच वर्षं काढली, आणि आज लातूरच्या स्टाफरूममध्ये तिथलं काही सांगायला बसलो की चहाच्या तीन फेऱ्या होतात, पुढच्या तासाची घंटा होऊन जाते, तरी कुणीतरी म्हणतंच, "गजू सर, तो सीटी स्कॅनवाला राहिला की!"

एक सांगायला जावं तर त्याची शेपटी धरून दुसरा येतो. म्हणून आज ओळीनं सांगतो. मधे बोलायचं नाही!

चारच माणसं ध्यानात ठेवा. कदम सर, आमचे गाईड. युसूफमामू, लॅबमधले मेकॅनिक. तीन पिढ्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घरातले. रंजना, निलंग्याची शेतकऱ्याची पोरगी, माझ्याच वर्षाची. आणि मी गजानन, अर्धापूरचा, केळीवाल्याचा मुलगा. बाकी सगळे मेलेले, आणि तेही सोळा कोटी वर्षांपूर्वी.

*

रंजनाची मुलाखत मी दाराच्या फटीतून ऐकली. पुढचा नंबर माझाच होता.

समोर तीन साहेब. कदम सरांनी टेबलावर दोन कवचं ठेवली. एक साधा शिंपला, गोदावरीच्या काठाला मिळतो तसला. दुसरं ब्रॅकिओपॉड. हाही दोन वाट्यांच्या कवचात राहणारा समुद्रातला जीव. एके काळी समुद्रात ह्यांचंच राज्य होतं. आता बहुतेक घराणी संपली, दगडात तेवढी उरली.

"फरक सांग," सर म्हणाले.

पुस्तकात ह्याचं उत्तर पाच ओळींचं आहे. रंजनाला त्यातली एकही आठवेना. घाम पुसला, आणि म्हणाली, "सर, शिंपल्याच्या दोन वाट्या म्हंजे जुळ्या बहिणी. एकीला झाका, दुसरीला बघा. अन् ह्याच्या दोन वाट्या म्हंजे नवरा-बायको. एक मोठी, एक लहान. पण एकेकाला निराळं बघितलं तर त्याची डावी बाजू उजव्या बाजूसारखीच हाय."

"बरं. मोठी वाटी कोण, नवरा का बायको?"

"बायको, सर. तिच्याच चोचीला भोक असतंय. तिथनंच देठ निघतंय, अन् त्या देठावरच सगळा संसार दगडाला धरून ऱ्हातंय."

तिघं साहेब खो-खो हसले. बाहेरगावच्या साहेबांना मात्र जाता जाता एक शंका आली. "कदम, पण नांदेडला समुद्र कुठंय हो? इथं खाली सगळा काळा पत्थर. मग हा विषय इथं कशाला?"

सर म्हणाले, "डोळ्याच्या डॉक्टरला स्वतःला मोतीबिंदू असावाच लागतो का?"

रंजनाला ॲडमिशन मिळालं. सरांना त्या वर्षी नवा मायक्रोस्कोप मिळाला नाही!

*

समुद्र नव्हता, म्हणून आम्ही कच्छला गेलो. तिथं ही कवचं अशी पडलेली की पाय कुठं ठेवावा कळेना! पहिल्या दिवशी मी इतका खूष झालो की बॅगेतले कपडे काढून तिच्यात कवचं भरली. सरांनी सगळी ओतायला लावली. "गजानन, बाजार करून राहिलास का?"

शेवटच्या दिवशी, गाडी हॉर्न वाजवत असताना, रंजना चप्पल झटकायला खाली बसली आणि तशीच बसून राहिली. हातात एक कवच. बोराएवढं, अंगावर पन्हाळीच्या पत्र्यासारख्या रेघा, दोन्ही वाट्या घट्ट मिटलेल्या, एक टवकासुद्धा गेलेला नाही. पेटीत सतरावा खण रिकामा होता, म्हणून त्याचा नंबर सतरा.

पॅकिंगला कापूस कमी पडला. पण मी अर्धापूरचा! आईनं घरून केळीच्या खांबाचे वाळलेले पापुद्रे पोतंभर दिले होते. एकेक कवच त्यात गुंडाळलं.

परतीच्या वाटेवर स्टेशनात पोलिसानं पेटी उघडली. वर पापुद्रे, खाली पापुद्रे. "केले कहाँ हैं?"

मी म्हणालो, "साहब, केले नहीं हैं."

"तो छिलके लेके कहाँ जा रहे हो?"

सरांनी पापुद्रा सोडून कवच दाखवलं, आणि ब्रॅकिओपॉड कसं ओळखायचं ते सांगायला लागले. चांगली दहा मिनिटं सांगितलं. पोलिसानं पेटी स्वतःच्या हातानं बंद केली आणि शेजारच्या शिपायाला म्हणाला, "जाने दो. घरवाले राह देखते होंगे इनकी."

*

आता युसूफमामू.

आमच्या कामात एक शिरस्ता आहे. कवच कापायचं, घासायचं म्हटलं की आधी त्याचा रबराचा साचा काढायचा आणि साच्यात पीओपी ओतून हुबेहूब नक्कल करून ठेवायची. कारण घासलेलं परत येत नाही. मामूंच्या नकला अशा की चहाच्या पाण्यानं रंग दिला की आईनंसुद्धा आपलं लेकरू ओळखू नये.

एका ईदला मामूंनी डबाभर नानकटाई आणली. सरांच्या बशीत दोन ठेवल्या. सर पेपर तपासत होते. एक उचलली, खाल्ली. दुसरी उचलली, चावली. पुन्हा चावली. आम्ही दोघं कपाटाआड तोंडात रुमाल कोंबून उभे.

"मामू," सर दाढ चोळत म्हणाले, "ही एक शिळी आहे का?"

"शिळी नक्को बोलू सर," मामू म्हणाले, "ज्युरासिक हाय!"

ती नानकटाई अजून सरांच्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. कडेला सरांच्या दाताची खूण आहे.

*

हा पुढचा माझा लाडका किस्सा, आणि सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

दिवाळीच्या सुट्टीत रंजना दोनशे कवचं घेऊन निलंग्याला घरी गेली. एका जातीची म्हणून ती आणली होती; त्यात दुसऱ्या जातीचं एखादं घुसलंय का ते तपासायचं होतं. ओसरीवर चादर अंथरली, कवचं मांडली आणि अंघोळीला गेली.

तिचे वडील, म्हणजे आबा, शेतातून आले. आबांचं हरभऱ्याचं बियाणं म्हणजे पंचक्रोशीत नाव. पेरणीच्या आधी सुपात बी घेऊन बसायचं, एकेक दाणा नजरेखालून घालायचा, दुसऱ्या वाणाचा दाणा दिसला की उचलून फेकायचा. चाळीस वर्षांची सवय. समोर चादरीवर दाण्यासारखं काहीतरी दिसलं, बसले!

रंजना केस पुसत बाहेर आली तर आबा सुपारी कातरत निवांत. कवचं ओळीत, एकसारखी, साफ.

"बाई, तुझं बी निवडून ठिवलं बघ. चांगला वाण हाय. एकच भेसळ निघाली, फेकून दिली."

"फेकून दिली? कुठं?"

आबांनी अडकित्त्यानंच अंगणापलीकडं दाखवलं. "उकिरड्यावर."

तिनं नंबर बघून एकेक कवच पेटीत परत ठेवलं. सतरावा खण रिकामा!

पुढचे दोन तास अख्खं घर उकिरडा उपसत होतं. आबा, आई, भाऊ, शेजारची दोन माणसं. रंजना रडतही होती आणि शेण चाळतही होती. शेवटी आईला सापडलं, कोंबडीच्या पायाखाली. कोंबडीलाही ते गिळवलं नव्हतं.

धुऊन पुसून झाल्यावर रंजनाचा राग उफाळला. "आबा, सगळी सारखीच तर दिसतेत! हेच एक का फेकलं?"

"सारखी?" आबांना खरंच नवल वाटलं. "अगं, बाकीच्यांची चोच बाहेर निघाल्याली हाय. ह्याची आत दबल्याली. अंग सारखं, नाक निराळं. हे त्या घरचं न्हाईच."

रंजनाचे डोळे तिथंच चमकले. तिनं तिथूनच मला फोन लावला. आवाज असा की मला वाटलं, लग्न ठरलं. "गजू! सतरा नंबर निराळा हाय! आबांनी एका नजरंत काढला! आपण दोघं आठ महिने बघून राहिलो, आपल्याला दिसला न्हाई!"

*

निराळा म्हणजे काय, ते जरा सांगतो. एवढंच सांगतो, घाबरू नका.

असल्या रेघांच्या कवचात दोन घराणी घुसलेली असतात. एकाच्या आत, लहान वाटीला लागून, नाजूक कडी असते. अन्न गाळायचा पिसारा तिच्यावर तोललेला. दुसऱ्याच्या आत कडी नसते, गळासारखे वाकडे नुसते दोन आकडे. कडीवाल्याच्या कवचाला अंगभर बारीक छिद्रं. आकडेवाल्याला छिद्रं नाहीत. पण सतरा नंबरची वरची कातडी झिजून गेलेली, छिद्रं होती का नव्हती देव जाणे. आणि ह्या रूपाच्या कवचाला आजवर सगळ्यांनी कडीवाल्यांच्याच खणात टाकलेलं. आत आकडे निघाले, तर नवं नाव, नवा खण, आणि रंजनाचा थिसिस उभा! कडी निघाली, तर थिसिसमध्ये नवं सांगण्यासारखं काही उरत नाही, सगळ्या कामाचा कणाच मोडला.

आणि आत काय आहे ते बघायला कवच घासून संपवावं लागतं. दुसरा सतरा नंबर जगात असेल तर असेल, आमच्याकडं तरी नव्हता.

"घासण्याआधी सीटी स्कॅन करून बघू," मी म्हणालो. अक्कल माझीच!

नांदेडला दवाखान्यांची काय कमी? एका सेंटरवाल्याला गळ घातली. तो भला माणूस तयार झाला. काउंटरवर पोरगी कॉम्प्युटर घेऊन बसलेली. "पेशंटचं नाव?"

"सतरा," रंजना म्हणाली.

"वय?"

"सोळा कोटी."

पोरीनं टाइप केलं. मशीन घेईना. परत टाइप केलं. "ताई, एकशे वीसच्या पुढं घेत न्हाई हे."

"मग एकशे वीसच टाका," मामू म्हणाले. "बाई मानूस हाय, वय कमीच सांगावं."

कवच मशीनच्या एवढ्या मोठ्या पलंगावर एकटंच आत गेलं. आम्ही तिघं काचेबाहेर हात जोडून उभे. शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंनी हळूच विचारलं, "कोण हाय आत? फार सिरियस हाय का?"

फिल्म आली ती सगळी पांढरी. आत भरलेला दगड चुन्याचा, कवचही चुन्याचं. मशीनला फरक कळेचना. सोबत रिपोर्ट होता, तिथल्या डॉक्टरांच्या सहीचा, सवयीप्रमाणे लिहिलेला: हाड मोडलेलं नाही, सूज नाही, दोन महिन्यांनी परत दाखवणे.

*

म्हणजे घासणं आलं. रंजनाचा हात बसावा म्हणून मी घरून केळीचा घड आणला.

काम असं असतं: कवच चोचीकडून घासायला घ्यायचं. एक मिलिमीटरचा दहावा हिस्सा घासला की थांबायचं, त्या तोंडाचं मायक्रोस्कोपखाली चित्र काढायचं. परत दहावा हिस्सा, परत चित्र. रंजनानं केळ्याच्या देठापासून पातळ चकत्या करायला घेतल्या, प्रत्येक चकतीचं चित्र. महिनाभर हॉस्टेलच्या पोरींनी नाश्त्याला, जेवणाला, संध्याकाळी केळ्याच्या चकत्या खाल्ल्या. एकजण मेट्रनकडं तक्रार घेऊन गेली, तर तिलाही मेट्रनच्या बशीत चकत्याच दिसल्या!

सर एक दिवस चित्रं बघायला आले. "हं. आत कप्पे किती?"

"तीन, सर. बिया असायच्या जागेचे तीन भाग."

"आणि बाहेरून केळ्याला कोपरे किती?"

रंजनानं अख्खं केळं उचलून, फिरवून मोजलं. "पाच."

"मग तू बाहेरूनच बघून पाच कप्पे का नाही सांगितलेस?"

ती हसायलाच लागली. मी अर्धापूरचा, तीन पिढ्या केळीच्या बागेतल्या, आणि मला हे आयुष्यात ठाऊक नव्हतं! त्या सुट्टीत घरी गेलो आणि वडिलांना विचारलं, "बाबा, केळ्यात कप्पे किती?" ते म्हणाले, "नांदेडला पाठवून वाया गेलं पोरगं."

*

सतरा नंबरचे फोटो सरांनी एका मोठ्या साहेबांना पाठवले होते. ह्या विषयातलं देशातलं मोठं नाव. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: "बाहेरूनच स्पष्ट आहे, नेहमीचा कडीवाला, घासून नमुना वाया घालवू नये."

सरांनी ते तीनदा वाचलं. रंजनापुढं ठेवलं. "निर्णय तुझा. आत कडी निघाली तर नमुनाही गेला आणि थिसिसही. मी तुला हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही."

रंजना म्हणाली, "सर, साहेबांनी फोटो बघितलाय. आबांनी हातात घेतलं होतं."

मामूंनी साचा काढला, पीओपीची नक्कल केली, चहाचा रंग दिला. ती त्यांना पसंत पडेना. भिंग लावून बघत म्हणाले, "ये बराबर न्हाई आली. दुसरी काढतो." पण नक्कल सोडवताना साचा फाटला होता, आणि नव्या साच्यासाठी परत रबरात घालायला कवचाची चोच सोसेल का, ही धास्ती. रंजना म्हणाली, "राहू द्या मामू, नक्कलच तर हाय."

आणि मग सुरू! काचेवर पाणी आणि घासायची पूड. मामूंचा हात, घड्याळवाल्याचा. एकसारखा, न थरथरता. घासलं की रंजना मायक्रोस्कोपला, पेन्सिल चालू. चित्र झालं की मी कागदावर नंबर टाकणार. एवढंच माझं काम, पण छाती माझीच जास्त धडधडायची. सर तर लॅबमध्ये थांबतच नसत. बाहेर लिंबाखाली येरझाऱ्या, आणि दर अर्ध्या तासानं खिडकीतून, "काय?" आम्ही म्हणायचो, "काय नाही."

दहा कागद, वीस, तीस. दगडात नुसता दगड. रंजनाचं जेवण तुटलं. मी विनोद करायचं सोडलं, यावरून ओळखा.

एकेचाळीसाव्या कागदाला तिची पेन्सिल थांबली. डोळा मायक्रोस्कोपला तसाच. मग अगदी बारीक आवाजात, "गजू... बघ."

मी बघितलं. दोन बारके आकडे! एकमेकांकडं तोंड करून, जसे पुस्तकात असतात तसे! मी अशी बोंब मारली की सर लिंबाखालून पळत आले, एक चप्पल तिथंच राहिली. चौघं आळीपाळीनं बघतोय, नाचतोय. मामू म्हणाले, "या अल्ला, सोळा कोटी सालाचा माल, अन् आकडे कसे ताजे!"

सर भानावर आले. "बास! आता थांबा. उरलेला अर्धा नमुना तरी वाचेल."

रंजनानं मान हलवली. "न्हाई सर. आता थांबलो तर साहेब म्हणतील, कडी पुढं असंल. कधी कधी आकड्याच्या टोकालाच कडी जुळती. पुढं सगळं बघायला पायजे."

"सगळं म्हणजे संपेल गं ते."

"संपू द्या," ती म्हणाली, आणि ढसाढसा रडली. मग तोंड धुऊन आली आणि बेचाळीसावा कागद घेतला.

एकशे बारा कागद झाले. शेवटपर्यंत आकडेच आले, बारीक होत गेले, संपले. कडी नाही. छिद्राचा पत्ता नाही. काचेवर फक्त राखाडी पाणी उरलं.

*

आणि आता शेवटचा.

थिसिस तपासायला गेला, आणि परीक्षक म्हणून नेमके तेच मोठे साहेब आले! त्यांनी आधी पत्र पाठवलं: "वादग्रस्त नमुना तोंडी परीक्षेच्या वेळी माझ्यासमोर ठेवावा."

सरांनी डोकं धरलं. "नमुना घासून संपवला, हे पाचव्या प्रकरणात पहिल्याच वाक्यात आहे. म्हणजे ह्यांनी पाचवं प्रकरण उघडलेलंच नाही."

परीक्षेच्या दिवशी हॉल भरलेला. आबा निलंग्याहून धुतलेलं धोतर नेसून, पहिल्या रांगेत. टेबलावर एकशे बारा कागदांचा गठ्ठा, आणि शेजारी ट्रेमध्ये कापसावर मामूंची नक्कल. ट्रेला 'नक्कल' अशी चिठ्ठी मीच माझ्या हातानं लावली होती. पंख्याच्या वाऱ्यानं ती कधीच टेबलाखाली गेली होती.

साहेब आले. पंचाहत्तरी गाठलेली, ताठ, खिशात स्वतःचं भिंग. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी ट्रेमधून नक्कल उचलली. "हाच ना तो?"

रंजना उठली. "सर, ती—"

"थांब. मी बघतोय."

खिडकीच्या उजेडात गेले. भिंग लावलं. एक मिनिट, दोन मिनिटं. मग साहेबांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"कदम, ही छिद्रं! केवढी स्वच्छ! तुम्ही सारांशात म्हणता कातडी झिजलीय, छिद्रं दिसत नाहीत. अहो, मला इथून दिसतायत!"

सर उठले. "साहेब, एक सांगायचं होतं—"

"एक मिनिट, कदम." साहेब हॉलकडं वळले, पोरांना शिकवायच्या सुरात आले. "पन्नास वर्षं मी हेच करतोय. डोळा तयार असावा लागतो. हे बघा, चोचीपाशी दाट, कडेला विरळ. अगदी नमुनेदार कडीवाला. ह्याच्यासाठी दुसरं कवच घासायची गरजच काय होती?"

रंजना परत म्हणाली, "सर, तुमच्या हातात—"

"माझ्या हातात दगड आहे, मुली!" साहेबांनी नक्कल उंच धरली. दुसरा हात गठ्ठ्यावर आपटला. "आणि हे तुझे कागद. कागद म्हणतात, कडी नाही, छिद्रं नाहीत. दगड म्हणतो, आहेत. एकतर तुझे कागद खोटे, नाहीतर हा दगड खोटा. तुझी साडेपाच वर्षं ह्यावर आहेत. सांग, मी कुणाला खरं मानू?"

इतका वेळ बोलू पाहणारी रंजना आता सरांकडं बघत होती. सर छताकडं बघत होते. आबा माझ्याकडं बघत होते. मी टेबलाखाली चिठ्ठी शोधत होतो.

मागच्या दारातून युसूफमामू चहाचा ट्रे घेऊन आले. ट्रे टेबलावर ठेवला. खिशातून काचेची एक बारकी बरणी काढून साहेबांपुढं ठेवली. आत राखाडी पूड, वर लेबल: सतरा.

"साहेब, दगड ह्यात हाय. पुरा हाय. काचेवरचं पाणी बी सांडू दिलं न्हाई."

साहेबांनी बरणीकडं बघितलं. मग हातातल्या कवचाकडं. "मग हे काय आहे?"

"पीओपी."

"आणि... ही छिद्रं?"

मामूंनी मान खाली घातली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"बुडबुडे हायत, साहेब. कालवताना माझा हात घाईत होता. मी रंजनाबेटीला तेव्हाच बोललो होतो, दुसरी काढतो म्हणून."

साहेबांनी भिंग मिटून खिशात टाकलं. खुर्ची ओढली, बसले, चहाचा कप बाजूला सरकवला. मग गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून रंजनापुढं धरला.

"एक नंबरपासून दाखव, बाळ."